विश्लेषण : गाव तेच, आकडे वेगळे… कुणकेश्वरच्या जुन्या जनगणनेचा मेळ लावायचा कसा?

२००१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्याची लोकसंख्या ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ भरली. त्याच दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली. पुढची जनगणना २०२१ ला व्हायची होती, ती आता फेब्रुवारी २०२७ मध्ये होणार आहे. नवा आकडा आला की देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरपासून दोडामार्गपर्यंत एकच प्रश्न विचारला जाईल : गावं रिकामी होत चालली आहेत का?

या प्रश्नाचे उत्तर नव्या आकड्यात नाही, जुन्या आकड्यांत आहे. ते आकडे छापलेले आहेत, बरेचसे ऑनलाइनही आहेत. पण ते एकमेकांशी जुळत नाहीत. ते जुळवण्याचे काम सरकारने २०२७ चे निकाल जाहीर करताना सोबतच करायला हवे, हौशी संशोधकांवर सोडून देता कामा नये.

जिल्हाच नव्हता, तर आकडा कोणाचा?

सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. १९८१ ची जनगणना त्याआधी दोन महिने उरकली होती. म्हणजे जनगणना झाली तेव्हा कुणकेश्वर रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि निकाल हातात येईपर्यंत सिंधुदुर्गात. आणखी मागे गेल्यास घोळ वाढतो. देवगड, मालवण, वेंगुर्ले हे तालुके ब्रिटिश रत्नागिरी जिल्ह्यात, तर सावंतवाडी स्वतंत्र संस्थान. १९०१ मध्ये रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ६७ हजार ९२७ होती आणि सावंतवाडी संस्थानाची २ लाख १७ हजार ७३२. हे दोन आकडे वेगवेगळ्या तक्त्यांत आहेत. आजचा सिंधुदुर्ग मिळवायचा तर एकातून काही वजा करून दुसऱ्यात मिळवावे लागते.

जिल्ह्याच्या पातळीवर हे गणित जनगणना कार्यालय स्वतः करते. १९०१ पासूनची दशकवार वाढ आजच्या हद्दीनुसार दाखवणारा तक्ता दर वेळी प्रसिद्ध होतो. अडचण तालुका आणि गावाच्या पातळीवर आहे. खारेपाटण घ्या. जुन्या गॅझेटियरमध्ये ते देवगड तालुक्यात आहे, आज ते कणकवलीत आहे. ‘देवगड तालुक्याची लोकसंख्या शंभर वर्षांत किती वाढली’ असे कोणी छातीठोकपणे सांगत असेल, तर त्याने कोणता देवगड मोजला, हे आधी विचारावे.

गावाचे तर नावही स्थिर नाही. मराठीत ‘कुणकेश्वर’ एकाच पद्धतीने लिहितात, पण जनगणनेचे तक्ते इंग्रजीत. रोमन लिपीत कोणी ‘व्ही’ लावतो, कोणी ‘डब्ल्यू’. ‘ण’नंतर कोणी ‘ए’ घालतो, कोणी गाळतो. माणसाला हे एकच गाव आहे ते कळते. संगणकाला ती तीन गावे वाटतात. त्यात कोकणात लोक सांगतात वाडीचे नाव, ग्रामपंचायत असते अनेक वाड्यांची आणि जनगणना मोजते महसुली गाव. एखाद्या वाडीला वेगळ्या महसुली गावाचा दर्जा मिळाला की मूळ गावाची लोकसंख्या कागदावर झटक्यात घटते. प्रत्यक्षात एक माणूसही कुठे गेलेला नसतो.

चाकरमानी कुठे मोजायचा?

कोकणासाठी सगळ्यात मोठा प्रश्न हा आहे आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष दिले जाते. १९३१ पर्यंतची खानेसुमारी एका रात्रीची असे. त्या रात्री माणूस जिथे सापडेल तिथे त्याची नोंद. म्हणून अधिकारी शक्यतो चांदण्याची रात्र निवडत आणि जत्रा, लग्नाचे मुहूर्त टाळत. कुणकेश्वरची महाशिवरात्रीची यात्रा नेमकी जनगणनेच्या हंगामात येते. एका रात्रीची पद्धत आज असती आणि ती रात्र यात्रेची निघाली असती, तर किनाऱ्यावरचे हे गाव कागदावर शहर झाले असते!

१९४१ पासून ही पद्धत सुटली. आता गणना काही आठवडे चालते आणि माणूस त्याच्या नेहमीच्या राहत्या ठिकाणी मोजला जातो, फक्त त्या काळात काही दिवस तरी तो तिथे असायला हवा. १९९१ मध्ये महाशिवरात्र १२ फेब्रुवारीला होती आणि २००१ मध्ये २१ फेब्रुवारीला. दोन्ही वेळा गणना ९ ते २८ फेब्रुवारी अशी चालली, म्हणजे यात्रा ऐन गणनेत आली. नियमाप्रमाणे यात्रेला आलेला चाकरमानी परळ किंवा डोंबिवलीतच मोजला जायला हवा. पण सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे राहणाऱ्या म्हाताऱ्या आईचे काय? तिचे नाव सांगताना गावातला भाऊ आणि मुंबईतला भाऊ एकच उत्तर देतील, याची खात्री कोण देणार? २०२७ मध्ये महाशिवरात्र ६ मार्चला आहे, त्यामुळे या वेळी गणना आधी आणि यात्रा नंतर. या फरकाचा परिणाम लहान असेल, पण तो तक्त्याखाली टीप म्हणून लिहिलेला असला पाहिजे.

लोकसंख्या घटणे इथे नवे नाही, हेही जुने तक्ते सांगतात. १८७२ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात सुमारे १० लाख १९ हजार लोक मोजले गेले आणि १८८१ मध्ये सुमारे ९ लाख ९७ हजार. ही घट खरी किती आणि मोजण्याच्या पद्धतीतली किती, हे पद्धती जुळवल्याशिवाय ठरवता येत नाही. १८७२ ची गणना देशभर एकाच वेळी झालेली नव्हती, १८८१ ची झाली.

शब्द तोच, अर्थ बदललेला

१९६१ मध्ये ‘काम करणारा’ची व्याख्या सैल होती. १९७१ मध्ये मुख्य व्यवसाय काय, असे विचारले गेले. भात लावणारी, मासे विकणारी, काजू सोलणारी बाई ‘मुख्य’ म्हणून घरकाम सांगून मोकळी झाली आणि देशभरच्या तक्त्यांतून कष्टकरी स्त्रियांची संख्या एकदम कोसळली. ती घट खरी मानून कोणी निष्कर्ष काढला, तर तो चुकलाच. साक्षरतेचेही तसेच. १९९१ पासून हा दर सात वर्षांवरील लोकसंख्येवर काढतात, त्याआधीचा आकडा सरळ शेजारी ठेवता येत नाही.

या वेळी तर जातगणनाही होणार आहे. शेवटची पूर्ण जातगणना १९३१ ची, तेव्हा देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात सर्वेक्षणात नोंदींची संख्या ४६ लाखांवर गेली, असे केंद्राने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितले. महाराष्ट्राच्या अधिकृत याद्यांत ४९४ जाती आणि सर्वेक्षणात आलेली नावे ४ लाख २८ हजार ६७७. आडनाव, पोटजात, कूळ, स्पेलिंगच्या चुका, सगळे एकाच रकान्यात. कुणकेश्वरच्या नावाला जे झाले तेच, फक्त लाखोपटीने. नोंदी आल्यावर त्या निस्तरत बसण्यापेक्षा नावांची प्रमाणित यादी आणि तिचा १९३१ शी मेळ आधीच प्रसिद्ध करणे शहाणपणाचे.

जगात काय करतात?

अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचा ‘आयपम्स’ प्रकल्प शंभराहून अधिक देशांचा डेटा जमवून एकाच सांकेतिक पद्धतीत आणतो. भारताच्या नावाने तिथे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या फेऱ्या आहेत, जनगणना नाही. ‘डेव्हलपमेंट डेटा लॅब’च्या ‘श्रग’ या डेटासंचाने १९९० च्या दशकापासूनची गावे जोडली आहेत. फुटलेली किंवा विलीन झालेली गावे एकत्र करून एकच स्थिर घटक धरायचा, ही त्यांची युक्ती साधी आणि चांगली आहे. पण १९५१ पासून निघणाऱ्या जिल्हा जनगणना पुस्तिकांपर्यंत ती पोहोचत नाही. भारताच्या जनगणना कार्यालयाने जुने अहवाल डिजिटल ग्रंथालयात ठेवले, हे मोठे काम आहे. मात्र स्कॅन केलेले पान म्हणजे फोटो, त्यावर बेरीज करता येत नाही. १९९१ चे तक्ते फ्लॉपीवर मिळत. आज ती फ्लॉपी वाचणारे यंत्र शोधावे लागते.

कागद गेला तर काय होते, याचे दाखले आहेत. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेच्या बहुतेक नोंदी १९२१ च्या आगीनंतर नष्ट झाल्या. इंग्लंड-वेल्सच्या १९३१ च्या नोंदी १९४२ मध्ये जळाल्या. तरीही अमेरिका ७२ वर्षांनी आणि ब्रिटन साधारण शंभर वर्षांनी व्यक्तिगत नोंदी खुल्या करतात. भारतात जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ नुसार त्या गोपनीय आहेत. हयात माणसाची जात किंवा उत्पन्नाचे साधन शेजाऱ्याला कळू नये, हे योग्यच. पण किती वर्षांनी त्या खुल्या करायच्या, याची मुदतच कायद्यात नाही. पणजोबांचे घर शोधणाऱ्याला लंडनमध्ये जे मिळते ते देवगडात मिळत नाही.

आकड्यांचा हा मेळ केवळ अभ्यासकांसाठी नाही. रेशनच्या लाभार्थ्यांची मर्यादा अजून २०११ वर बेतलेली आहे, वित्त आयोगाचा निधी आणि प्रभागांची रचना लोकसंख्येवर ठरते. २०११ नंतर देवगड-जामसंडे नगरपंचायत झाली. त्यामुळे तालुक्याची ‘ग्रामीण’ लोकसंख्या २०२७ च्या तक्त्यात घटलेली दिसेल. त्यात स्थलांतर किती आणि पाटी बदलल्याचा परिणाम किती, हे सांगणारी गावनिहाय जुळणी-यादी खुल्या फाइलमध्ये सोबत असली, तर कुणकेश्वरच्या ग्रामसभेत कोणीही मोबाइलवर पाहून वाद मिटवू शकेल. प्रशासकीय हद्दी १ जानेवारी २०२६ पासून गोठवल्या गेल्या आहेत. ही यादी करायला याहून सोयीचा काळ नाही.