थरारपटाला भाषा नसते म्हणे!

‘थरारपटाला भाषा नसते’ हे वाक्य आम्ही गेल्या दीड महिन्यात तीनदा ऐकले. प्रथम ते एका प्राध्यापकांनी उच्चारले. मग त्यांच्याच महाविद्यालयाच्या लघुपट स्पर्धेच्या नियमपत्रकात ते निराळ्या शब्दांत छापलेले दिसले. आणि तिसऱ्यांदा ते आमच्या कार्यालयात, आमच्या टेबलासमोर बसून, दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या एका मुलाने आम्हालाच ऐकवले. पहिल्या दोन वेळा आम्ही गप्प राहिलो. तिसऱ्या वेळी राहवले नाही.

हकीकत अशी. तीन मुली आणि दोन मुलगे असे पाच विद्यार्थी एका थरारपटाची फक्त सुरुवात, म्हणजे पहिली दोन मिनिटे, चित्रित करणार होते. त्यात पोलीस घराची झडती घ्यायला येतात असा प्रसंग होता, आणि झडतीच्या वेळी पंच लागतात का, लागल्यास किती, ते कुठे उभे राहतात, हे विचारण्यासाठी ही मंडळी आली होती. तेवढे विचारण्याची बुद्धी त्यांना झाली याचे आम्हाला मनापासून कौतुक वाटले, कारण पडद्यावरचे पोलीस पंचांची कधी पर्वा करीत नाहीत. शंका फेडून झाल्यावर आम्ही त्यांची अभ्यासाची वही पाहायला मागितली. हा लेख त्या वहीविषयी आहे.

या अभ्यासाची पद्धत इंग्लंडहून आलेली आहे. तिथे ‘ओसीआर’ या परीक्षा मंडळाच्या माध्यम-अभ्यास विषयात सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना बरीच वर्षे एक काम दिले जात असे: एका नव्या कथापटाची श्रेयनामावली आणि सुरुवात तयार करा, लांबी जास्तीत जास्त दोन मिनिटे. दृश्य आणि ध्वनी सगळा स्वतःचा हवा. स्वामित्वहक्कमुक्त संगीत तेवढे चाले. चित्रीकरणापूर्वी गाजलेल्या चित्रपटांच्या सुरुवाती बारकाईने पाहून टिपणे काढायची आणि शेवटी काही ठरावीक प्रश्नांची उत्तरे द्यायची. तिथली मुले बहुधा थरारपटच निवडत, कारण दोन मिनिटांत भीती निर्माण करता येते, प्रेम जुळवता येत नाही. पद्धत उत्तम आहे. आधी पाहा, मग करा, हा कोणत्याही कारागिराचा धर्म आहे, आणि आपल्या प्राध्यापकांनी ती उचलली यात आम्हाला काहीही गैर वाटत नाही.

गैर आहे ते पुढे. मूळ कामात शब्द आहेत ‘श्रेयनामावली आणि सुरुवात’. म्हणजे अक्षरे आधी, सुरुवात नंतर. शेवटच्या प्रश्नांत एक प्रश्न असा की तुमच्या चित्रफितीत कोणत्या समाजगटाचे चित्रण कसे झाले आहे. इंग्लंडातल्या मुलांना हे विचारले जात असे. आपल्या मुलांच्या वहीत रकाने होते कॅमेरा, प्रकाश, ध्वनी, संकलन, वेशभूषा. अक्षरांचा रकाना नव्हता. समाजगटाचा नव्हता. माणसे कोणत्या भाषेत बोलतात याचा तर नव्हताच. मुलांनी पद्धत आणली आणि तिचा अर्धा भाग सीमेवरच्या जकात नाक्यावर राहून गेला.

आता वहीतले चित्रपट पाहू. ‘थरारपटाला भाषा नसते’ या विधानाविरुद्ध साक्ष देण्यासाठी आम्ही त्यांनाच बोलावतो; बाहेरचा साक्षीदार नको.

हिचकॉकचा ‘सायको’, १९६०. सॉल बास यांच्या धावत्या, तुटत्या रेषांची श्रेयनामावली आणि बर्नार्ड हरमन यांची तंतुवाद्ये यांची मुलांनी छान नोंद केली होती. पण त्यानंतर पडद्यावर काय येते? शहराचे नाव, वार, तारीख आणि घड्याळातली वेळ, मिनिटासकट. अक्षरांत. आम्ही वकील असल्याने ते पाहताना आम्हाला पंचनाम्याची आठवण होते. पंचनामाही असाच सुरू होतो: अमुक तारखेस, अमुक वाजता, अमुक ठिकाणी. गुन्हा अजून घडलेला नाही, पण कागद तयार आहे, ही त्यातली भीती आहे. ‘पंचनामा’ हा शब्द आपला आहे आणि कन्नडमध्येही तो जवळजवळ तसाच नांदतो. भीतीचा इतका तयार शब्दसंग्रह असलेल्या भाषेला थरार जमत नाही असे कोण म्हणते? सुगावा, सापळा, बनाव, मुद्देमाल, अनोळखी इसम. पोलीस ठाण्याच्या मराठीतला ‘इसम’ हा शब्द कोरड्या आवाजात उच्चारून पाहा. काळा मुखवटा घालायची गरज उरत नाही.

फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’, १९३१, त्यांचा पहिला बोलपट. अंगणात मुले रिंगण करून खुन्याविषयीचे बडबडगीत म्हणत आहेत, एक बाई त्यांना रागावते. दुसरीकडे आई जेवणाचे ताट मांडून घड्याळाकडे पाहते, मग जिन्यातून मुलीच्या नावाने हाक मारते. हाकेला उत्तर येत नाही. रिकामी थाळी, गवतात घरंगळत येणारा चेंडू, तारांत अडकलेला फुगा. खून दिसतच नाही. सगळा थरार हाकेत आहे. दिवेलागणीला आईने मारलेली हाक ही भाषा नव्हे तर काय? वहीत ‘ध्वनी’ या रकान्याखाली लिहिले होते: ‘शांतता वापरली आहे.’

‘सेव्हन’, १९९५. काइल कूपर यांनी केलेल्या श्रेयनामावलीत अक्षरे हाताने खरवडलेली आहेत, थरथरती आहेत, आणि दृश्यात वह्यांची पाने शिवणारे, शब्द खोडणारे हात आहेत. खुन्याचा चेहरा नाही, त्याची लेखनाची सवय आहे. वहीतली नोंद अशी: ‘फाँट भीतिदायक.’

आणि आता ज्या साक्षीदारासाठी आम्ही हा सगळा खटला मांडला तो. ऑर्सन वेल्स यांचा ‘टच ऑफ ईव्हिल’, १९५८. वहीत त्याला सर्वांत जास्त जागा होती आणि ती सगळी एकाच गोष्टीला दिलेली होती: कट नसलेला, तीन मिनिटांहून लांब पहिला शॉट. कॅमेरा कुठून उचलला, कुठे वळला, याची आकृतीही काढली होती, आणि आकृती सुरेख होती. पण त्या शॉटमध्ये घडते काय? मेक्सिकोच्या बाजूला एका मोटारीत बॉम्ब ठेवला जातो, मोटार गर्दीतून हळूहळू चौकीपर्यंत येते, सीमा ओलांडते आणि अमेरिकेच्या हद्दीत शिरल्यावर फुटते. बॉम्ब एका देशात ठेवला, स्फोट दुसऱ्या देशात झाला. तपास कोणाचा? अधिकारक्षेत्र कोणाचे? पुढचा सारा चित्रपट या प्रश्नातून निघतो. बेळगावात जन्मलेल्या, जिच्या आजोबांनी १ नोव्हेंबर १९५६ ही तारीख अंगावर झेलली अशा मुलीने ही सुरुवात अभ्यासावी आणि तिच्या टिपणात ‘सीमा’ हा शब्द एकदाही येऊ नये! तिचा दोष नाही. तिला रकानाच दिला नव्हता.

त्याच चित्रपटात पुढे एका संशयिताची चौकशी आहे. मेक्सिकन अधिकारी त्याच्याशी स्पॅनिशमध्ये बोलू लागतो तेव्हा अमेरिकन पोलीस अधिकारी क्विनलन ते थांबवतो, आपल्याला ती भाषा येत नाही म्हणून इंग्रजीतच बोला असे बजावतो. थोड्याच वेळात त्या संशयिताच्या घरात खोटा पुरावा सापडतो. आधी माणसाची भाषा काढून घ्यायची, मग त्याच्या घरात पुरावा ठेवायचा, हा क्रम वेल्स यांना कळला होता. कायद्यालाही तो कळलेला आहे: १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम २७९ सांगत होते की आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजेल अशा भाषेत समजावून दिली पाहिजे, आणि नव्या संहितेतही ही तरतूद ठेवली आहे. कायदा भाषेला एवढा मान देतो. थरारपटाला मात्र ती नसते म्हणे.

या चित्रपटाची आणखी एक गोष्ट मुलांना ठाऊक नव्हती. त्या पहिल्या शॉटवर स्टुडिओने नावे चढवली आणि संगीत घातले. वेल्स यांना तसे नको होते. त्यांनी ५८ पानांचे निवेदन लिहून आपल्या चित्रपटाची बाजू मांडली. स्टुडिओने ते बव्हंशी बाजूला ठेवले. चाळीस वर्षांनी, १९९८ मध्ये, वॉल्टर मर्च यांनी त्या निवेदनाबरहुकूम चित्रपट पुन्हा संकलित केला तेव्हा ती नावे काढली गेली आणि रस्त्यावरचे, मद्यगृहांतले, मोटारीच्या रेडिओतले आवाज ऐकू येऊ लागले. सुरुवातीवर कोणाची अक्षरे आणि कुठे असावीत हा प्रश्न किरकोळ आहे असे ज्यांना वाटते त्यांनी ती ५८ पाने आठवावीत.

यादीत एकही मराठी चित्रपट नव्हता हे सांगायला नकोच. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’, १९६४, हा मुलांनी नावानेही ऐकला नव्हता. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा, एका वकिलासमोर त्याच्या मृत पत्नीसारखी दिसणारी स्त्री आरोपी म्हणून उभी करणारा हा चित्रपट दोन वर्षांत हिंदीने ‘मेरा साया’ म्हणून घेतला. ‘मेरा साया’चे गाणे मुलांना येत होते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. निपाणी-बेळगावच्या वाचनालयांत त्या पुस्तकांची पाने हाताळून हाताळून मऊ झालेली आम्ही पाहिली आहेत. असो. हा राग मुलांवर नाही.

आणि तो कन्नडवरही नाही, हे स्पष्ट सांगतो, कारण आमचे लेख अर्धे वाचून पत्रे लिहिणारे बरेच आहेत. यादीत एकही कन्नड चित्रपट नव्हता याचेही आम्हाला तितकेच वाईट वाटले. चापेकर बंधूंवरच्या ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या पटकथेत हात असलेले शंकर नाग पुढे कन्नडमध्ये ‘अ‍ॅक्सिडेंट’सारखा थरारपट करतात. दोन्ही भाषा अंगणात असलेल्या मुलांना त्यांचे नावही वर्गात सांगितले जात नसेल तर नुकसान दोघांचे आहे.

मग आम्ही मुलांची स्वतःची कथा ऐकली. खानापूरच्या रानातून एक मुलगी धावते, मागे काळी टोपी घातलेला माणूस, मुलगी मागे वळून पाहते, पडदा काळा. शीर्षक ‘द शॅडो’. अशा सुरुवाती इंग्लंडातल्या मुलांनीही ढिगाने केल्या. आम्ही विचारले, तुम्हाला स्वतःला शेवटची भीती कधी वाटली? मुलगे हसले. एक मुलगी थांबून म्हणाली, “वकीलकाका, आमच्या आजोबांना वाटलेली सांगू का?”

तिच्या आजोबांच्या नावाने एक पाकीट आले. आतला कागद पूर्ण कन्नडमध्ये होता. आजोबा मराठी चौथी शिकलेले. त्यांनी तो देवघरात फोटोमागे ठेवला आणि तीन दिवस कोणाला सांगितले नाही. जेवताना ते सारखे दाराकडे बघत. चौथ्या दिवशी नातीला कागद सापडला. तिने शाळेत कन्नड शिकलेली असल्याने वाचून दाखवला. शेजाऱ्याने शेताची हद्द मोजण्याचा अर्ज दिला होता, त्याची ती नोटीस. हजर राहण्याची तारीख आदल्या दिवशी उलटून गेली होती.

हे ऐकून खोलीत कोणी बोलले नाही. ज्या मुलाने आम्हाला ‘थरारपटाला भाषा नसते’ हे ऐकवले होते तोच म्हणाला, “अगं, मग हेच करूया की.”

जिल्हा किंवा तालुक्याच्या पातळीवर ज्या भाषेचे लोक पंधरा टक्के किंवा अधिक असतील त्या भाषेत महत्त्वाच्या सूचना प्रसिद्ध व्हाव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षक तरतुदींत कित्येक दशके लिहिलेले आहे. ते पाळले असते तर त्या म्हाताऱ्याचे तीन दिवस वाचले असते. चित्रपटाला मात्र सुरुवात मिळाली नसती, हेही खरे.

मुलांनी नवी चित्रफीत केली. दोन मिनिटे. पाकीट, देवघर, दाराकडे पाहणारे डोळे, आणि अक्षरे न कळता अक्षरांवरून फिरणारे एक बोट. कागद कन्नड, घरातले बोलणे मराठी, श्रेयनामावली देवनागरीत, शीर्षक ‘तारीख’. झडतीचा प्रसंग वगळला. आमचा सल्ला वाया गेला, त्याचा आनंद आहे. आणि स्पर्धेच्या नियमपत्रकातील सहावी अट आडवी आली: दृश्यमाध्यम सार्वत्रिक असल्याने सर्व नावे व शीर्षके इंग्रजीत असावीत.

प्राध्यापकांचे म्हणणे आम्ही ऐकून घेतले. परीक्षक बाहेरगावचे असतात, मुलांना पुढे मोठ्या शहरांत कामे मिळवायची आहेत. दोन्ही मुद्दे खरे आहेत, आणि दोन्हींचे उत्तर उपशीर्षक हे आहे. परीक्षकांना वाचता यावे म्हणून खाली इंग्रजी द्या, शेजारी कन्नड द्या. आपले नाव आपल्या लिपीत लिहू नका असे सांगण्याची गरज त्यातून निघत नाही. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २९ मध्ये भाषेबरोबर ‘लिपी’ हा शब्द मुद्दाम घातलेला आहे. एका महाविद्यालयाच्या स्पर्धेवर तो अनुच्छेद सरळ बजावता येईल असा दावा आम्ही करणार नाही. मुलांच्या स्पर्धेत कायद्याचा धाक घालणे आम्हाला शोभणार नाही. पण अट लिहिणाऱ्याने तो एकदा वाचावा.

मुलांनी सहावी अट वगळावी किंवा ‘इंग्रजीत’च्या जागी ‘कोणत्याही भारतीय भाषेत, इंग्रजी उपशीर्षकांसह’ असे करावे, असा एक पानी अर्ज दिला आहे. अर्ज मराठी, कन्नड आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत आहे आणि त्यावर पाचही जणांनी आपापल्या लिपीत सह्या केल्या आहेत. त्यांतली एक सही कन्नडमध्ये आहे. अर्जाची प्रत आमच्या कार्यालयात ठेवली आहे. निपाणी, खानापूर किंवा इतर कुठल्या महाविद्यालयाच्या नियमपत्रकात अशीच अट असेल, तर तिथल्या विद्यार्थ्यांनी येऊन ती न्यावी. सोबत नियमपत्रक आणावे, आणि अभ्यासाची वही असेल तर तीही.