शेंग भरते, ती कोणाच्या जोरावर?

अणदूरच्या शिवारातली सोयाबीनची शेंग पानांत तयार झालेल्या साखरेवर भरते. ही साखर रसवाहिन्यांतून येते. त्यांच्या पेशी एकापुढे एक जोडलेल्या असतात आणि मधल्या भिंतींना चाळणीसारखी छिद्रे असतात. याच वाटेने एका भागाचे निरोपही दुसऱ्या भागाला पोहोचतात. ही चाळणी नीट घडायला कोलीनची ने-आण लागते, हे २०१४ मध्ये मोहरीच्या कुळातल्या ॲराबिडॉप्सिस रोपावर दिसले. वाहक प्रथिन बिघडताच छिद्रे कमी पडली, मुळे खुंटली. मात्र कोलीन रोप स्वतःच बनवते. इथे बिघडली होती ती त्याची वाहतूक. त्यामुळे कोलीनच्या फवारणीने शेंगा भरतात, असा दावा कोणी केला, तर हा प्रयोग त्याचा पुरावा नव्हे.