इस्त्रीची फळी

ज्या घरांत शिवणयंत्र आहे, त्या घरांत यंत्रास मानाची जागा असते. इस्त्रीस मात्र ती क्वचितच मिळते. जमिनीवर चादरीची घडी अंथरून गृहिणी पाठ वांकवून कपडे दाबीत बसते. वस्तुतः शिवणीचें सौष्ठव अर्धें टांक्यांत व अर्धें इस्त्रींत असतें. यास्तव यंत्राशेजारींच इस्त्रीची कायमची सोय कशी करावी, तें या खेपेस सांगतों.

पाऊण इंच जाडीचें, ४ फूट लांब व दीड फूट रुंद प्लायवूड घेऊन त्याच्या कडा घासून घ्याव्या. त्यावर जुन्या लोंकरी कांबळ्याची दुहेरी घडी बसवावी. लोंकर उष्णता व वाफ धरून ठेवते. वरून मांजरपाटाचें कापड ताणून मागील बाजूस खिळ्यांनीं पक्कें करावें. तें आधीं धुऊन घ्यावें. खळ राहिल्यास ती करपून डाग पडतात. फोमची गादी मुळींच घालूं नये.

फळी बिजागऱ्यांनीं भिंतीस जोडून तिला मुडपते पाय द्यावे, म्हणजे काम संपतांच ती खालीं सोडतां येते. उभें राहून कोंपर वांकविलें असतां त्याच्या ४ ते ६ इंच खालीं फळी यावी. हें माप सुताराच्या सोयीचें नव्हे, शिवणाऱ्या बाईचें घ्यावें.

बाह्यांकरितां निराळी अरुंद फळी असावी. गुलामगिरींत जन्मलेल्या व पुढें अमेरिकेंतील न्यू हेवन येथें शिवणकाम करणाऱ्या सारा बून यांनीं १८९२ सालीं पेटंट मिळविलें, तें अशाच अरुंद, वक्र फळीचें होय.

शिवण दाबतांना इस्त्री सरकवूं नये, उचलून ठेवावी. सरकविल्यानें तिरपा काप ताणला जातो. कपड्यावरील खुणेंत एक ठिपका असल्यास ११०, दोन असल्यास १५० व तीन असल्यास २०० अंश सेल्सिअस ही मर्यादा समजावी.

आतां सर्वांत महत्त्वाचें. २३० व्होल्टवर १००० वॉटची इस्त्री सुमारें ४.३ अँपिअर प्रवाह घेते, तर २००० वॉटची वाफेची इस्त्री ८.७. दुसरीस १६ अँपिअरचें, अर्थिंग केलेलें स्वतंत्र सॉकेटच हवें. एकत्र कुटुंबांत मुलें सदैव पायांत घोटाळत असतात. म्हणून वायर भिंतीच्या अंगानें न्यावी, लोंबती ठेवूं नये, आणि हाक आली तरी बटण बंद केल्यावांचून जागा सोडूं नये.

खर्च थोडा आहे. घरच्या कपड्यांसाठीं जिची पाठ दुखते, तिच्यासाठीं पुरुषमंडळींनीं एक रविवार अवश्य वेंचावा, असें आम्ही आग्रहानें सुचवितों.