बाटली भारी, यकृत तेच



मागच्या हिवाळ्यात एका सकाळी दवाखाना उघडायच्या आधीच एक काकू दारात उभ्या होत्या. "डॉक्टर, काल भाच्यानं परदेशातनं बाटली आणलेली. ह्यांनी दोनच पेग घेतले, पण अजून उतरली न्हाई. घामानं अंथरूण भिजलंय, बोलतायत पण कळत न्हाई."

काका साठीतले, मधुमेहाची ग्लिमेपिराइडची गोळी रोज घेणारे. घरी जाऊन बोटातून साखर तपासली, तर ४८. ती नशा नव्हती, रक्तातली साखर धोकादायक पातळीवर उतरली होती. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर काही मिनिटांत काका नीट बोलू लागले. घरच्यांनी "झोपू द्या, दुपारपर्यंत उतरेल" असं म्हटलं असतं, तर कदाचित आज हा लेख वेगळा झाला असता.

ती बाटली होती कास्क स्ट्रेंथ सिंगल माल्ट स्कॉचची. लेबलवर ६० टक्के लिहिलं होतं. ते कुणीच वाचलं नव्हतं.

कास्क स्ट्रेंथ म्हणजे काय?

स्कॉच व्हिस्की ओकच्या लाकडी पिंपात किमान ३ वर्षं मुरवावी लागते. पिंपातून काढल्यावर बहुतेक कंपन्या तिच्यात पाणी घालून तीव्रता ४० ते ४६ टक्क्यांच्या आसपास आणतात. तसं पाणी न घालता भरलेली ती कास्क स्ट्रेंथ. तिची तीव्रता साधारण ५० ते ६५ टक्के असते. आपल्याकडच्या नेहमीच्या व्हिस्कीत ४२.८ टक्के अल्कोहोल असतं.

आता हिशेब करू. ६० मिलिलिटरच्या नेहमीच्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. ६० टक्क्यांच्या तेवढ्याच पेगमध्ये सुमारे २८ ग्रॅम. म्हणजे काकांचे "दोनच" पेग खरे तर जवळजवळ तीन होते. तेही रिकाम्या पोटी, जेवणाची वाट पाहत घेतलेले. मग जेवण राहूनच गेलं.

साखर का उतरली?

आपण उपाशी असतो तेव्हा यकृत नवी साखर बनवून रक्तात सोडत असतं. अल्कोहोल आलं की यकृत आधी ते निपटायला घेतं आणि नवी साखर बनवण्याचं काम मागे पडतं. त्यात ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन साखर खाली ओढतच असतं. परिणाम लगेच दिसत नाही, काही तासांनी, बहुधा पहाटे दिसतो. घाम, थरथर, अडखळतं बोलणं, गोंधळ ही लक्षणं नशेसारखीच असल्यामुळे घरचे फसतात.

घशाला चटका का बसतो?

तोंडात आणि घशात उष्णता ओळखणारे संवेदक असतात. एरवी ते सुमारे ४२ अंशांना जागे होतात. अल्कोहोल ही मर्यादा शरीराच्या तापमानाच्याही खाली आणतं, म्हणून गार व्हिस्कीही "गरम" लागते. चटका म्हणजे दर्जा नव्हे. ती शरीराची तक्रार आहे.

म्हणूनच जाणकार लोक कास्क स्ट्रेंथ कोरी पीत बसत नाहीत. ते आधी वास घेतात, मग थेंब थेंब पाणी घालतात. २०१७ मध्ये स्वीडनमधल्या दोन रसायनशास्त्रज्ञांनी संगणकावर दाखवलं, की पाणी घातल्यावर धुरकट चवीचा ग्वायकॉल हा घटक पृष्ठभागाकडे येतो आणि वास-चव खुलते. म्हणजे पाणी घालणं हा अडाणीपणा नाही.

मी सोवळा नाही. गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची सिंगल माल्ट बनते. तिची ५५.२ टक्क्यांची कास्क स्ट्रेंथ मी चाखली आहे. गोव्याच्या उकाड्यात पिंपातून दरवर्षी स्कॉटलंडच्या कित्येक पट जास्त व्हिस्की उडून जाते, म्हणून तिथे माल थोड्या वर्षांतच मुरतो. मी दहा-पंधरा मिलिलिटर घेतली, निम्मं पाणी घातलं. मध, व्हॅनिला, थोडा मसाला असा वास आला, छान वाटलं. तिथेच थांबलो. चाखायला घोटभर पुरते. त्यापुढचं चाखणं नसतं, पिणं असतं.

माझं मत

दवाखान्यात मला वरचेवर ऐकू येतं, "डॉक्टर, भारीतली घेतो, ती त्रास देत नाही." मला हे पटत नाही. बनावट, विषारी दारूपेक्षा सीलबंद बाटली बरी, एवढंच खरं. पण ५०० रुपयांची असो की १५,००० ची, यकृतापर्यंत जातं ते इथेनॉल एकच. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं, की दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्यासाठी सुरक्षित म्हणता येत नाही. कर्करोगकारक पदार्थांच्या पहिल्या गटात ती तंबाखूच्या रांगेत आहे. गंमत म्हणजे आपल्या राज्यातला दारूचा परवाना १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालचा आहे आणि तो प्रकृती राखण्यासाठी म्हणून दिला जातो! त्या शब्दांवर विसंबू नका.

न पिणाऱ्याने औषध म्हणून सुरू करू नये. आणि घरात अशी बाटली आलीच तर:

- आधी लेबलवरचे टक्के वाचा. पेग मोजू नका, अल्कोहोल मोजा.
- रिकाम्या पोटी घेऊ नका. चखण्यावर जेवण भागवू नका.
- मधुमेह, झोपेच्या किंवा फिटच्या गोळ्या, यकृताचा आजार, गरोदरपण असेल तर चाखण्याचाही मोह टाळा.
- घेतल्यावर गाडी चालवू नका. कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे.
- मधुमेही माणूस "चढल्यासारखा" वाटला तर आधी साखर तपासा. शुद्धीवर असेल, गिळता येत असेल तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही न घालता ताबडतोब दवाखान्यात आणा.

काका आता ठीक आहेत. उरलेली बाटली कपाटात आहे म्हणतात. परवा भाचा पुन्हा येणार आहे. काकूंनी त्याला फोनवर आधीच सांगितलंय, "येताना खजूर आण." तेही काकांना मोजूनच द्या, असं मी सांगितलंय!