झरीची सभा आणि आजचे व्यासपीठ

दाभोशाचा धबधबा पाहावयास पावसाळ्यात जी गर्दी लोटते, तिला जव्हारचा हा मुलूख जलसमृद्ध भासल्यास नवल नाही. परंतु जेथे लेंडी नदी सुमारे तीनशे फुटांवरून कोसळते, त्याच जव्हार-मोखाड्यातील कित्येक पाड्यांतून वैशाखात बायका हंडे घेऊन टँकरची वाट पाहत बसतात आणि दिवाळी सरताच कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर निघून जातात, हे ज्याच्या गावी नाही, त्याने येथे विकासावर कितीही ओघवते व्याख्यान झोडले तरी ते श्रोत्यांच्या डोक्यावरूनच जाणार.

वक्तृत्वाचे धडे देणारे अलीकडे पुष्कळ झाले आहेत. आवाजाचा चढउतार, हातवारे, श्रोत्यांच्या नजरेला नजर देणे, हे सारे उपयुक्त आहे, नाही असे नाही. तथापि नेता आणि श्रोता यांचे नाते व्यासपीठावर जुळत नसून त्याच्या कितीतरी आधी जुळते वा तुटते, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि त्याचा पुरावा शोधण्यास याच जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही.

२३ मे १९४५ रोजी तेव्हाच्या उंबरगाव तालुक्यातील झरी गावी हजारो वारली स्त्री-पुरुष जमले होते. त्यांना संघटित करणाऱ्या गोदावरी परुळेकर या पुण्याच्या सुखवस्तू घरातल्या, कायद्याच्या पदवीधर. आणि समोरचा समाज असा की, लग्नासाठी सावकाराकडून काढलेल्या चार पैशांच्या कर्जापायी ज्याच्या तरुणांना लग्नगडी म्हणून पिढीजात दास्य पत्करावे लागे आणि वेठीला नकार दिल्यास पाठीवर फटके बसत. हे अंतर केवळ शब्दलालित्याने तोडता आले असते काय? गोदावरीबाई आणि शामराव परुळेकर पाड्यापाड्यांतून पायी हिंडले, झोपड्यांतून राहिले, त्यांच्या बोलीत बोलू लागले, आणि मुख्य म्हणजे त्यांनी ऐकून घेतले. त्याच वर्षीच्या जानेवारीत टिटवाळ्याला किसान सभेच्या परिषदेत माह्या धांगडा या वारल्याने आपल्या लोकांची दैना स्वतःच्या तोंडाने सांगितली होती. ज्याने पूर्वी कचेरीच्या दारात मान वर केली नाही, त्याने भरल्या सभेत उभे राहून बोलावे, ही घटना मला कोणत्याही गाजलेल्या भाषणाहून मोठी वाटते.

झरीला जे ठरले तेही पाहण्याजोगे आहे. वेठबिगार करावयाची नाही. रोज बारा आणे रोख मजुरी मिळाल्यावाचून जमीनदाराच्या खासगी शेतावर राबावयाचे नाही. कोणी मारहाण केल्यास एकजुटीने प्रतिकार करावयाचा. अक्षरशत्रू माणसालाही रात्री आपल्या पाड्यावर परतून शेकोटीभोवती हे जसेच्या तसे सांगता यावे, इतके ते थोडके आणि नेमके होते. आपल्याकडील सभांतून योजनांची लांबलचक यादी वाचली जाते आणि मंडप रिकामा होताच तिच्यातले एकही कलम कोणाच्या लक्षात उरत नाही. अशा भाषणाला टाळ्या मिळतात, पण त्या बहुधा ते संपल्याच्या.

या विश्वासाची दुसरीही बाजू आहे आणि ती सांगितल्यावाचून राहवत नाही. त्याच वर्षीच्या १० ऑक्टोबरला, गोदावरीबाई येणार आणि त्यांच्या जिवाला धोका आहे अशी खोटी आवई उठवून तलवाड्याला हजारो वारली जमवले गेले, आणि पोलिसांनी केलेल्या गोळीबारात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जण ठार झाले. बाई तेथे नव्हत्याच. केवळ त्यांच्या नावावर माणसे आली होती. ज्याचा शब्द इतका वजनदार, त्याने तो किती जपून वापरला पाहिजे, हे व्यासपीठावर चढणाऱ्या प्रत्येकाने ध्यानी घ्यावे.

आज जव्हार आणि मोखाडा हे दोन्ही तालुके पाचव्या अनुसूचीत मोडतात, आणि १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला आपल्या गावच्या साधनसंपत्तीविषयी बोलण्याचाच नव्हे, तर ठरवण्याचाही अधिकार दिला आहे. तरीही दस्तूर असा पडून गेला आहे की, पाहुण्यांची मोटार येईपर्यंत लोकांनी सकाळपासून ताटकळावे, मग हारतुरे, मग सत्कार, मग भाषण. आणि पाण्याचा अर्ज घेऊन आलेल्या म्हाताऱ्याची पाळी येईतो साहेबांनी पुढच्या कार्यक्रमाला प्रस्थान ठेवावे. या भागात येणाऱ्या सर्वपक्षीय पुढाऱ्यांना आणि अंमलदारांना माझी विनंती एवढीच की, त्यांनी हा क्रम उलटवावा: ध्वनिक्षेपक आधी पाड्याच्या हाती द्यावा, खुर्ची सोडून खाली सतरंजीवर बसावे, आणि आपले भाषण सर्वांत शेवटी, तेही वेळ उरल्यास, करावे.