घटनेंतील व्रण : घाना देशाचा राज्यकारभार

आपल्या सुशिक्षित घरांतून विलायतेच्या पार्लमेंटाची आणि अमेरिकेच्या अध्यक्षाची माहिती बहुतेकांस असते. परंतु आफ्रिकेंतील राज्यकारभाराचा विषय निघाला, कीं ‘तेथें काय, आज एक सेनापति तर उद्यां दुसरा,’ असें म्हणून आपण मोकळे होतों. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील घाना देशासंबंधीं हें बोलणें एके काळीं खरें होतें. १९९३ पासून मात्र तें खरें राहिलेलें नाहीं. हा पालट ज्या राज्यघटनेच्या आश्रयानें झाला, तिची ओळख वाचकांस करून द्यावी असा या वेळीं विचार आहे. तिचीं कलमें वाचूं लागलें म्हणजे दिसून येतें, कीं त्यांतील अनेकांच्या मागें त्या राष्ट्राच्या अंगावरील एखादा जुना व्रण आहे.

इंग्रजी अमलांत या देशास ‘गोल्ड कोस्ट’ म्हणत. ६ मार्च १९५७ रोजीं तो स्वतंत्र झाला आणि क्वामे एन्क्रूमा हे त्याचे पहिले मुख्य प्रधान झाले. पुढच्याच वर्षीं, चौकशीवांचून माणसास पांच वर्षेंपर्यंत स्थानबद्ध करण्याचा कायदा झाला. १९६० सालीं देश प्रजासत्ताक बनला. नव्या घटनेप्रमाणें अध्यक्षानें अधिकारग्रहणाच्या वेळीं व्यक्तिस्वातंत्र्याच्या रक्षणाची जाहीर ग्वाही द्यावयाची होती. स्थानबद्धांपैकीं कांहींनीं याच ग्वाहीच्या आधारें न्यायालयाकडे धांव घेतली. १९६१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, कीं ही ग्वाही म्हणजे केवळ नैतिक बंधन होय. कोर्टामार्फत तिची अंमलबजावणी करून घेतां येणार नाहीं. स्थानबद्धांच्या बाजूनें भांडलेले वकील जे. बी. डांक्वा यांनाही पुढें विनाचौकशी डांबण्यांत आलें, आणि फेब्रुवारी १९६५ मध्यें तुरुंगांतच त्यांचा अंत झाला.

१९६४ सालीं देशांत एकच पक्ष कायदेशीर उरला, आणि १९६६ च्या फेब्रुवारींत एन्क्रूमा परदेशीं असतांना लष्कर व पोलीस यांनीं सत्ता बळकावली. त्यानंतर १९६९ व १९७९ सालीं दोन नव्या घटना झाल्या. दोहोंपैकीं एकही अडीच वर्षें टिकली नाहीं. १९७९ च्या जूनमध्यें तर तीन माजी राष्ट्रप्रमुखांस गोळ्या घालण्यांत आल्या. १९८१ च्या अखेरच्या दिवशीं फ्लाइट लेफ्टनंट जेरी रॉलिंग्ज यांनीं दुसऱ्यांदा सत्ता हातीं घेतली. पुढच्या वर्षीं ३० जूनच्या रात्रीं हायकोर्टाचे तीन न्यायाधीश आणि एक निवृत्त लष्करी अधिकारी यांना घरांतून नेऊन ठार करण्यांत आलें. त्या तीन न्यायाधीशांत एक स्त्री होती.

सध्यांची घटना २८ एप्रिल १९९२ रोजीं लोकमतानें संमत झाली व ७ जानेवारी १९९३ पासून अमलांत आली. दुधानें तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो, या न्यायानें तिची रचना झाली आहे. पकडलेल्या माणसास सोडून दिलें नाहीं, तर अठ्ठेचाळीस तासांच्या आंत कोर्टापुढें उभें करावें लागतें. मूलभूत हक्क आतां नुसत्या ग्वाहीवर अवलंबून नसून त्यांच्या रक्षणासाठीं कोणासही हायकोर्टाकडे जातां येतें. एकपक्षीय राज्य स्थापन करणारा कायदा करण्याचा अधिकार पार्लमेंटाला मुळींच नाहीं. घटना बळानें उलथून पाडणें हा राजद्रोह ठरविला आहे. इतकेंच नव्हे, तर तसा प्रयत्न झाल्यास त्याचा प्रतिकार करणें हा प्रत्येक नागरिकाचा हक्क आणि कर्तव्यही मानलें आहे.

राज्ययंत्रांत अमेरिकन व इंग्रजी अशा दोन पद्धतींचा संसार एकाच घरांत मांडलेला आहे. अध्यक्ष प्रत्यक्ष मतदानानें निवडला जातो. निम्म्याहून अधिक मतें कोणासच न मिळाल्यास पहिल्या दोघांत पुन्हां निवडणूक होते. मुदत चार वर्षांची, आणि दोन मुदतींहून अधिक काळ कोणासही अध्यक्ष राहतां येत नाहीं. पार्लमेंट एकाच सभागृहाचें असून २०२४ च्या निवडणुकींत त्याच्या २७६ जागा होत्या. अमेरिकेंत मंत्र्यास कायदेमंडळाचें सभासदत्व ठेवतां येत नाहीं. घानांत मात्र बहुसंख्य मंत्री पार्लमेंटाच्या सभासदांतूनच घ्यावे लागतात. यावर टीकाकारांचा आक्षेप असा, कीं ज्या सभासदाची दृष्टि मंत्रिपदाकडे लागलेली, तो अध्यक्षाच्या कारभाराची कठोर झडती कशी घेणार?

आमच्या वाचक-भगिनींस विशेष जवळचें वाटेल असें एक कलम मालमत्तेसंबंधीं आहे. घानांतील अकान लोकांत कुल आईकडून चालतें. परंपरेप्रमाणें पुरुषाचा वारसा मुलाकडे न जातां बहिणीच्या मुलाकडे जाई. पति निवर्तला, कीं त्याच्या मातृकुलानें घरदार ताब्यांत घ्यावें, आणि ज्या पत्नीनें त्याच्याबरोबर कोकोच्या मळ्यांत राबून तें उभें केलें, तिनें मुलांसह बाहेर पडावें, असे प्रसंग येत. मृत्युपत्र न करतां मेलेल्याच्या संपत्तींत पत्नी व मुलें यांस वांटा देणारा कायदा १९८५ सालीं झाला. घटनेनें त्यापुढें जाऊन सांगितलें, कीं मृत्युपत्र असो वा नसो, मागें राहिलेल्या जोडीदारास वाजवी तरतुदीपासून वंचित ठेवतां कामा नये. विधवेच्या हक्काचा प्रश्न एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आपणांस परका नाहीं.

गांवोगांवच्या परंपरागत गाद्याही घटनेनें मोडलेल्या नाहींत. अकान प्रमुखाच्या गादीसाठीं नांव सुचविण्याचा मान राजमातेचा असतो, आणि प्रमुख वाईट वागल्यास त्यास गादीवरून उतरवितांही येतें. या प्रमुखांची एक राष्ट्रीय सभा आहे. मात्र पक्षाच्या राजकारणांत पडावयाचें असेल, तर त्यांनीं आधीं गादी सोडली पाहिजे. त्यांच्या दरबारांतील वक्त्याच्या दंडावर पुष्कळदां मुठींत अंडें धरलेला हात कोरलेला असतो. सत्ता ही त्या अंड्यासारखी असते. फार आवळली तर फुटते, सैल सोडली तर पडते, असा त्याचा अर्थ.

आतां एका अवघड तरतुदीकडे वळूं. बंड करून आलेल्या पूर्वीच्या सरकारांच्या कृत्यांबद्दल कोणासही कोर्टांत खेंचतां येणार नाहीं, असें घटनेच्या परिशिष्टांत लिहिलें आहे, आणि ही तरतूद बदलण्याचा अधिकार पार्लमेंटासही नाहीं. ज्यांचीं माणसें गेलीं, ज्यांच्या मालमत्ता जप्त झाल्या, त्यांना न्यायाचें हें दार बंदच राहिलें. २००२ सालीं नेमलेल्या राष्ट्रीय सलोखा आयोगापुढें त्यांनीं आपलीं दुःखें सांगितलीं, एवढेंच. हा सौदा न्याय्य होता, असें आम्हांस म्हणवत नाहीं. परंतु तो झाला नसता, तर बंदूक धरणारे हात खुर्ची सोडण्यास तयार झाले असते काय, हाही प्रश्न टाळतां येत नाहीं.

खुर्ची सुटली हें मात्र खरें. दोन मुदती संपतांच रॉलिंग्ज पायउतार झाले, आणि ७ जानेवारी २००१ रोजीं विरोधी पक्षाच्या जॉन कुफुओर यांनीं शपथ घेतली. २००८ च्या निवडणुकींत विजयी व पराभूत उमेदवारांत अवघ्या सुमारें चाळीस हजार मतांचें अंतर होतें, तरी पराभूत पक्षानें सत्ता सोडली. २०१२ च्या निकालाचा वाद सर्वोच्च न्यायालयांत गेला. सुनावणी लोकांनीं दूरचित्रवाणीवर पाहिली, आणि २०१३ सालीं निकाल विरुद्ध जातांच अर्जदार नाना अकुफो-अडो यांनीं तो मान्य केला. तेच पुढें २०१६ सालीं मतपेटींतून अध्यक्ष झाले. २०२४ सालीं त्यांच्या पक्षाचे उमेदवार महमुदु बावुमिया यांनीं तर अधिकृत निकाल लागण्यापूर्वींच प्रतिस्पर्धी जॉन महामा यांचें अभिनंदन केलें.

घटनेंत उणीवा आहेतच. नेमणुकांचा फार मोठा अधिकार अध्यक्षाच्या हातीं आहे. जिल्ह्याच्या मुख्य अधिकाऱ्याचें नांवदेखील तोच सुचवितो. तरी १९६० ची ग्वाही आणि १९९२ चीं कलमें यांत पडलेलें अंतर मोठें आहे. तें कांहीं अंशीं कोर्टास मिळालेल्या अधिकाराचें आहे, आणि त्याहून अधिक, हरलेल्या माणसाच्या वागणुकीचें आहे. आपल्याकडे निवडणुकीचे निकाल ऐकतांना जिंकलेल्यांचीं नांवें आपण मोजतों. त्या दिवशीं हरलेला काय बोलला, हेंही घरांतील मुलांस आवर्जून ऐकवावें.