वॅट मोजून प्रवाळ जगत नाही

खाऱ्या पाण्याच्या टाकीवर दिवा कोणता लावावा, याचं एक जुनं उत्तर अजून छातीठोकपणे दिलं जातं. लिटरमागे अमुक वॅट धरा, प्रवाळ ठेवणार असाल तर दुप्पट करा, जीव फिकट पडला तर आणखी वाढवा. परवा एका अनुभवी म्हणवणाऱ्या गृहस्थांनी नवशिक्या मुलाला हेच सांगितलं. का, तर प्रवाळ उष्ण कटिबंधातला, तिथे ऊन भरपूर, म्हणून प्रकाश जितका जास्त तितका चांगला.

वॅट म्हणजे दिव्याने खाल्लेली वीज. टाक्यांवर सरसकट एकाच धाटणीच्या ट्यूब होत्या तोवर त्यावरून अंदाज बांधता येई. आज 100 वॅटचा एलईडी अरुंद भिंगातून मधला एक खडक भाजून काढतो आणि रुंद भिंगातून तोच प्रकाश टाकीभर विरळ पसरतो. लुमेनचं मापही इथे निरुपयोगी, कारण ते 555 नॅनोमीटरच्या हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक वजन देणाऱ्या माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेलं आहे.

पण मला खरा संताप येतो तो ‘फिकट पडला तर वाढवा’ या सल्ल्याचा. प्रवाळ स्वतः प्रकाशसंश्लेषण करत नाही. ते करतं त्याच्या पेशींत राहणारं झुझँथेली हे एकपेशीय शैवल, आणि त्यानेच बनवलेल्या अन्नावर प्रवाळाचं बरंचसं भागतं. प्रकाश कमी पडला की शैवलाची दाटी वाढते आणि प्रवाळ तपकिरी होतो. प्रकाश झेपेनासा झाला की शैवलात ऑक्सिजनची घातक रूपं तयार होतात. प्रवाळ शैवल बाहेर टाकतो, त्याचा रंग जातो आणि खालचा पांढरा सांगाडा दिसू लागतो. म्हणजे फिकटपणा बहुधा अतिप्रकाशाची तक्रार असते, आणि तिच्यावर उपाय म्हणून आणखी प्रकाश ओतायचा! पाणी तापल्यानेही हेच होतं, तेव्हाही दिवा वाढवणं घातकच. भाजलेल्या माणसाला शेकोटीजवळ सरकवण्याला आपण उपचार म्हणू का? आणि उन्हाचं काय सांगता! पाणी लाल प्रकाश वरच्या काही मीटरांतच शोषून घेतं. खाली उरतो तो मुख्यतः निळा, आणि कित्येक प्रवाळ त्याच निळ्या उजेडात वाढलेले असतात.

एलईडीवर प्रवाळ जगणारच नाही, असंही हे सल्ले देणारी मंडळीच एके काळी ठणकावून सांगत. त्या वादात माझी कित्येक वर्षं गेली. तेव्हाही दिव्याच्या जातीवर भांडण चाले, प्रवाळावर प्रत्यक्ष किती प्रकाश पडतो ते कुणी मोजत नसे.



मोजायचं ते प्रवाळ जिथे बसणार त्या जागी. 400 ते 700 नॅनोमीटरमधला, शैवलाला वापरता येणारा प्रकाश ‘पार मीटर’ हा मापक मायक्रोमोलमध्ये दाखवतो. तो विकत घेणं परवडत नसेल तर चार जणांत मिळून घ्यावा. मऊ प्रवाळांना साधारण 50 ते 150 पुरतात, अ‍ॅक्रोपोरासारख्या दगडी प्रवाळांना 200 ते 400 लागतात. म्हणून आधी जीव ठरवावा, मग दिवा. नवा दिवा मंद ठेवून काही आठवड्यांत हळूहळू चढवावा.

त्या मुलाने आपला मऊ प्रवाळ दिव्याखालच्या टोकावरून काढून खालच्या खडकाच्या आडोशाला ठेवला आहे. दिवा अजून वाढवलेला नाही. त्याने तो वाढवू नये.